लिपोसोम औषधं इतकी नाजूक का असतात? आणि कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे त्यांना कसे सांभाळू शकतात?

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर महानुभाव पंथाचं मोठं तीर्थक्षेत्र म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. मराठी भाषा विद्यापीठामुळे अलीकडे ते पुन्हा बातम्यांत आलं. पण रिद्धपूरची आणखी एक ओळख आहे, जी वऱ्हाडातल्या प्रत्येक गावाला लागू होते. ती म्हणजे मे महिन्यातलं ऊन. अमरावती आणि अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मे २०२४ मध्ये तर अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेच्या लाटेमुळे ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केलं होतं.

आता अशा उन्हात एक औषध मोठ्या शहरातून गावाकडे निघालं आहे, असं समजा. ते थंड राहिलं तरच कामाचं, गोठलं तरी बिघडणार आणि तापलं तरी बिघडणार. लिपोसोम प्रकारची बरीच औषधं अशीच असतात. त्यांना फ्रीजवर कमी अवलंबून ठेवता येईल का, यावर जगभर संशोधन सुरू आहे. त्यातला एक मार्ग कापूस पिकवणाऱ्या माणसाला लगेच समजेल असा आहे: औषध धाग्यात कातून ठेवायचं.

हा मार्ग काय आहे, तो कुठवर आला आहे आणि त्यातून काय अपेक्षा ठेवावी, ते समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

• लिपोसोम म्हणजे चरबीसारख्या पदार्थाच्या दुहेरी भिंतीचा अतिसूक्ष्म बुडबुडा. त्यात औषध भरलं की औषधाचे दुष्परिणाम कमी करता येतात.
• हा बुडबुडा पाण्यात फार काळ टिकत नाही. उष्णता, गोठणं, हवा आणि वेळ या चारही गोष्टी त्याला मारक असतात.
• इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणजे विजेच्या उच्च दाबाने द्रवापासून अतिशय बारीक धागे ओढण्याची पद्धत. या धाग्यांत लिपोसोम कोरडे आणि एकमेकांपासून वेगळे ठेवता येतात.
• प्रयोगशाळेत हे जमलं आहे. अशी औषधं दवाखान्यात रोजच्या वापरात मात्र अजून आलेली नाहीत.

२०२१ मध्ये हा शब्द घराघरात कसा पोहोचला?

‘लिपोसोमल’ हा शब्द महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे रुग्ण झपाट्याने वाढले. मधुमेह असलेले आणि कोरोनाच्या उपचारात स्टेरॉइड घेतलेले रुग्ण त्यात जास्त होते. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला राज्यांना सांगितलं. २८ जून २०२१ पर्यंत देशात ४० हजार ८४५ रुग्ण आणि ३ हजार १२९ मृत्यू नोंदवले गेले होते.

या आजारावरचं मुख्य औषध अॅम्फोटेरिसिन-बी. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. हे औषध त्याला चिकटतं आणि आवरण निकामी करतं. अडचण अशी, की आपल्या पेशींच्या आवरणात त्याच्याशी मिळताजुळता पदार्थ असतो, तो म्हणजे कोलेस्टेरॉल. त्यामुळे साध्या स्वरूपातलं हे औषध शिरेतून दिलं की थंडी वाजून ताप येतो, रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि मूत्रपिंडाला इजा होते.

तेच औषध लिपोसोममध्ये बसवलं की मूत्रपिंडाला होणारी इजा बरीच कमी होते. म्हणूनच त्या दिवसांत प्रत्येक जण लिपोसोमल इंजेक्शनच शोधत होता.

किती लागायचं, याचा हिशेब करून पाहा. दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५ मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस. रुग्णाचं वजन ६० किलो असेल तर दिवसाला ३०० मिलिग्रॅम. एका कुपीत ५० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ६ कुप्या. चौदा दिवसांत ८४ कुप्या. आणि उपचार अनेकदा त्याहूनही लांबतो.

तेव्हा विदर्भातही एक हालचाल झाली. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस या कंपनीने अॅम्फोटेरिसिन-बी इमल्शन इंजेक्शनचं उत्पादन सुरू केलं. नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने २७ मे २०२१ रोजी ते जाहीर केलं. किंमत १२०० रुपये सांगितली गेली. बाजारात तेव्हा ती ७ हजारांच्या घरात होती.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. इमल्शन आणि लिपोसोम एकच नव्हेत. इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे थेंब, दुधासारखे. लिपोसोम म्हणजे आतून पोकळ बुडबुडा. दोन्हींत औषध स्निग्ध पदार्थाच्या आधाराने जातं, पण दोघांची रचना वेगळी आणि गुणधर्मही वेगळे.

लिपोसोम नेमका कसा बनतो?

सोयाबीन तेल शुद्ध करताना लेसिथिन नावाचा चिकट पदार्थ निघतो. सोयाबीन हे वऱ्हाडातलं मुख्य पिकांपैकी एक, त्यामुळे तेलगिरण्यांना लेसिथिन नवीन नाही. चॉकलेट आणि बिस्किटांच्या पाकिटावरही हे नाव सापडेल. लेसिथिनमध्ये फॉस्फोलिपिडचे रेणू असतात. अशा रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाणी अजिबात चालत नाही.

असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप रांगा लावतात. शेपट्या शेपट्यांकडे वळतात, डोकी बाहेर पाण्याकडे राहतात आणि दुहेरी थराची भिंत तयार होते. भिंतीच्या कडा उघड्या राहिल्या तर शेपट्यांना पाणी लागणार, म्हणून ती भिंत वळून स्वतःला बंद करून घेते. झाला बुडबुडा. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये स्निग्ध भिंत.

ब्रिटनमधले संशोधक अॅलेक बँगहम यांनी केंब्रिजजवळच्या बाबराहम इथे १९६० च्या दशकात हे पाहिलं आणि नोंदवलं. पाण्यात विरघळणारं औषध बुडबुड्याच्या पोटात ठेवता येतं. स्निग्ध पदार्थात रमणारं औषध भिंतीतच बसतं. अॅम्फोटेरिसिन-बी भिंतीत बसतं. कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन पोटात बसतं.

आकार किती? औषधासाठी वापरले जाणारे बरेच लिपोसोम १०० नॅनोमीटरच्या आसपास असतात. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटर धरली, तर एका केसाच्या रुंदीत असे ८०० बुडबुडे शेजारी शेजारी बसतील.

डॉक्सोरुबिसिनचं लिपोसोम औषध डॉक्सिल १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याआधी, १९९० मध्ये अॅम्बिसोम हे लिपोसोमल अॅम्फोटेरिसिन युरोपात आलं होतं.

या कामात महाराष्ट्र मागे नव्हता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातले प्रा. बी. के. बच्छावत यांच्या गटांनी मिळून भारतीय लिपोसोमल अॅम्फोटेरिसिन विकसित केलं आणि रुग्णांवर त्याच्या चाचण्या केल्या. पुढे ते फंगीसोम या नावाने बाजारात आलं. मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं लिपोडॉक्स हे लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन तर २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या टंचाईवर उपाय म्हणून आयात करू दिलं होतं.

मग बुडबुडा बिघडतो कशामुळे?

लिपोसोमची भिंत जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर जाडीची असते. तिला चार शत्रू आहेत.

१. पाणी. भिंतीतल्या रेणूच्या शेपट्या हळूहळू पाण्यामुळे तुटतात. शेपटी तुटलेला रेणू भिंतीत नीट बसत नाही आणि भिंत गळू लागते. तापमान जितकं जास्त, तितकं हे लवकर होतं.

२. हवा. ऑक्सिजनमुळे स्निग्ध पदार्थ खवट होतात. डब्यातलं शेंगदाण्याचं कूट उन्हाळ्यात लवकर खवट होतं, त्यामागेही हेच कारण.

३. शेजार. द्रवात तरंगणारे बुडबुडे एकमेकांवर आदळतात, चिकटतात, एकत्र होऊन मोठे होतात. फंगीसोमची कुपी रुग्णाला देण्याआधी ध्वनिलहरींच्या यंत्रात ४५ मिनिटं ठेवावी लागते, ती बुडबुडे योग्य आकारात आणण्यासाठीच. म्हणजे औषधासोबत ते यंत्रही दवाखान्यात असायला हवं.

४. तापमान. प्रत्येक फॉस्फोलिपिडचं एक तापमान ठरलेलं असतं. त्याच्या खाली भिंत घट्ट असते, वर ती सैल होते आणि नेमक्या त्या टप्प्यावर ती सर्वांत जास्त गळते. प्रयोगशाळेत खूप वापरल्या जाणाऱ्या डीपीपीसी या फॉस्फोलिपिडचं हे तापमान आहे ४१ अंश सेल्सिअस. वऱ्हाडातली मे महिन्यातली दुपार त्याच्या वर असते. बरीच औषधं ५० अंशांच्या वर सैल होणारे फॉस्फोलिपिड वापरतात, ते याही कारणाने. उलट गोठवलं तर बर्फाचे स्फटिक भिंत फाडतात.

म्हणूनच अशा औषधांच्या खोक्यावर ‘२ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका’ असं लिहिलेलं असतं.

आतापर्यंतचा उपाय: वाळवण

पाणी हाच शत्रू असेल, तर पाणी काढून टाकायचं. आपल्या घरांत हेच होतं. गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यातून कुरडया घालतात, वऱ्हाडात त्यांना कुरोड्या म्हणतात. उन्हात खडखडीत वाळल्या की त्या वर्षभर डब्यात राहतात.

लिपोसोम उन्हात वाळवता येत नाहीत, म्हणून ते गोठवून, हवेचा दाब कमी करून, बर्फाची थेट वाफ करून वाळवतात. या पद्धतीला लायोफिलायझेशन म्हणतात. गोठताना भिंत फाटू नये म्हणून त्यात साखर घालतात. अॅम्बिसोममध्ये सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखरच असते. त्यामुळे न उघडलेली अॅम्बिसोमची कुपी २५ अंशांपर्यंत ठेवता येते.

साखरेची युक्ती निसर्गाकडून शिकलेली आहे. काही सूक्ष्मजीव आणि वनस्पती पूर्ण वाळूनही पाणी मिळताच पुन्हा जिवंत होतात. त्यांतल्या अनेकांत ट्रेहलोज नावाची साखर असते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॉन आणि लोइस क्रो यांनी १९८० च्या दशकात दाखवलं, की पाणी निघून जातं तेव्हा ही साखर पेशीच्या आवरणाला आधार देते.

पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनेही वाळवण्याचाच मार्ग घेतला. जून २०२३ मध्ये परवानगी मिळालेली तिची ‘जेमकोव्हॅक-ओएम’ ही एमआरएनए लस कोरड्या पावडरच्या रूपात आहे आणि साध्या फ्रीजच्या, म्हणजे २ ते ८ अंशांच्या तापमानात राहते. सुरुवातीच्या परदेशी एमआरएनए लशींपैकी फायझरच्या लशीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावं लागत होतं. एवढा फरक वाळवण्याने पडू शकतो.

पण लायोफिलायझेशनची यंत्रं महाग असतात, एका घाण्याला बरेच तास, कधी काही दिवस लागतात. शेवटी हाती येते ती पावडर. तिला पुन्हा पाणी घालून इंजेक्शनच द्यावं लागतं. जखमेवर ठेवायचं असेल, हाडाच्या पोकळीत भरायचं असेल, तर पावडर जागेवर राहत नाही.

इथे धागा कामाला येतो.

इलेक्ट्रोस्पिनिंग: चाकाशिवाय कताई

चरख्यावर पेळूतून सूत निघतं ते ओढ आणि पीळ यांच्यामुळे. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये ओढ देते वीज.

इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पॉलिमरचं, म्हणजे लांबलचक रेणूंच्या पदार्थाचं, मधासारखं दाट द्रावण भरतात. सुईला साधारण १० ते ३० हजार व्होल्टचा दाब देतात. समोर १० ते २० सेंटीमीटरवर धातूचा पत्रा किंवा फिरता ढोल असतो. सुईच्या टोकावरचा थेंब विजेमुळे ताणला जातो आणि शंकूसारखा होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये त्याचं गणित मांडलं, म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात. शंकूच्या टोकातून एक बारीक धार सुटते. ती हवेत चाबकासारखी वळवळते, ताणत जाते आणि पत्र्यावर पोहोचेपर्यंत तिच्यातला द्रव उडून गेलेला असतो. उरतो कोरडा धागा.

हा धागा साधारण ५० नॅनोमीटरपासून काही हजार नॅनोमीटरपर्यंत जाड असतो. कोळ्याच्या जाळ्याचा धागाही यातल्या बारीक धाग्यांपुढे जाड वाटेल. असे थरावर थर साचले की पांढरी, मऊ, कापसाच्या पातळ पेळूसारखी चादर तयार होते.

जत्रेतले म्हातारीचे केस आठवा. तिथे साखर वितळवून गोल फिरवतात आणि हवेत तिचे धागे होतात. इथे उष्णता नाही, गरगर फिरवणं नाही, पण तत्त्व जवळचं: द्रव इतका बारीक ओढायचा, की तो क्षणात घट्ट व्हावा.

ही कल्पना जुनी आहे. अँटोन फॉर्महाल्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं होतं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या अॅक्रन विद्यापीठातल्या डॅरेल रेनेकर यांच्या कामामुळे तिच्याकडे पुन्हा लक्ष गेलं.

लिपोसोमसाठी तिचा मोठा फायदा असा, की वाळवण सेकंदाच्या अंशात होतं आणि तेही खोलीच्या तापमानाला. बर्फाचे स्फटिक होतच नाहीत.

धाग्यात लिपोसोम ठेवायचे तरी कसे?

संशोधकांनी तीन वेगवेगळ्या वाटा वापरून पाहिल्या आहेत.

पहिली वाट: बुडबुडा नको, त्याचा मालमसाला ठेवा

या पद्धतीत धाग्यात तयार लिपोसोम नसतोच. लेसिथिन आणि पाण्यात विरघळणारं पॉलिमर एकत्र करून धागा कातायचा. धागा पाण्यात पडला की पॉलिमर विरघळतं, लेसिथिनचे रेणू मोकळे होतात आणि आपल्या स्वभावाप्रमाणे बुडबुडे तयार करतात. २०११ मध्ये चीन आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी पीव्हीपी नावाचं पॉलिमर वापरून हे दाखवलं. धाग्यातल्या लेसिथिनचं प्रमाण बदललं की बुडबुड्याचा आकारही बदलत होता. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या गटाने तर दुसरं कोणतंही पॉलिमर न घालता फक्त लेसिथिनचे धागे ओढून दाखवले होते.

फायदा उघड आहे. जो बुडबुडा अजून झालेलाच नाही, तो वाटेत फुटणार कसा?

दुसरी वाट: धाग्याच्या पोटात ठेवा

कापसाच्या बोंडात सरकी कशी रुईने वेढलेली असते, तसं काहीसं. इथे एकात एक बसवलेल्या दोन सुया वापरतात. आतल्या सुईतून पाण्यातले लिपोसोम येतात, बाहेरच्या सुईतून पॉलिमर. धागा तयार होतो तेव्हा आत गाभा, बाहेर साल.

प्राग इथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये साधी मिसळ आणि ही दोन सुयांची पद्धत यांची तुलना केली. साध्या मिसळीत लिपोसोम शाबूत राहिले नाहीत, दोन सुयांच्या पद्धतीत राहिले. लिपोसोममध्ये ठेवलेलं एन्झाइमही काम करत राहिलं. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळली. बुडबुडा कुठे ठेवता, यापेक्षा ठेवताना त्याच्याशी कसं वागता, हे ठरवतं की तो जगेल की नाही.

तिसरी वाट: धाग्यावर बांधा

धागा आधी तयार करायचा आणि मग त्याच्या पृष्ठभागावर लिपोसोम रासायनिक बंधाने अडकवायचे. पोर्तुगालमधल्या मिन्हो विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये डेक्सामेथासोन हे औषध भरलेले लिपोसोम धाग्यांवर असे बसवले. त्यावर अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी वाढवल्या, तेव्हा त्या हाड बनवणाऱ्या पेशींच्या दिशेने गेल्या. इथे लिपोसोमला कताईचा त्रास सोसावा लागत नाही. शिवाय तो जागेवरून वाहून जात नाही. मात्र तो कोरडा नसतो, त्यामुळे साठवणीचा प्रश्न या वाटेने सुटत नाही.

धागा प्रत्यक्षात संरक्षण देतो कसं?

पहिल्या दोन वाटांमध्ये तीन गोष्टी घडतात. पाणी गेल्यामुळे रेणूंच्या शेपट्या तुटणं मंदावतं. बुडबुडे किंवा त्यांचे रेणू घट्ट झालेल्या पॉलिमरमध्ये जागच्या जागी अडकतात, त्यामुळे एकमेकांना भिडून मोठे होत नाहीत. आणि औषध हळूहळू सुटतं, कारण त्याला दोन दारं ओलांडावी लागतात: आधी बुडबुड्याची भिंत, मग धागा. पाण्यात लगेच विरघळणाऱ्या धाग्यात मात्र हे दुसरं दार नसतं.

हवेचा प्रश्न धाग्याने सुटत नाही. उलट बारीक धाग्यांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असल्यामुळे ऑक्सिजनला शिरकाव सोपा होतो. म्हणून त्यात खवटपणा रोखणारे घटक घालणं आणि हवाबंद पाकीट वापरणं गरजेचं ठरतं.

याचा उपयोग कुठे होऊ शकतो?

सर्वांत जवळची शक्यता आहे जखमेवरच्या पट्टीची. मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमा महिनोन् महिने भरत नाहीत. तिथे हळूहळू औषध सोडणारी, हवा खेळती ठेवणारी धाग्यांची पट्टी उपयोगाची ठरू शकते. दुसरी शक्यता हाड किंवा कूर्चा पुन्हा वाढवण्यासाठीच्या आधाराची. तिसरी शक्यता तोंडात किंवा जिभेखाली चिकटवायच्या पातळ चकतीची.

लिपोसोमशिवायचे इलेक्ट्रोस्पिनिंगचे धागे वैद्यकीय वापरात आलेही आहेत. जपानमध्ये हाडाची पोकळी भरण्यासाठी असंच कापसासारखं दिसणारं साहित्य तयार झालं आहे. म्हणजे धाग्याचं तंत्र दवाखान्यापर्यंत पोहोचलं आहे आणि लिपोसोमचंही. दोन्ही एकत्र पोहोचायचे आहेत.

अडचणी कोणत्या?

कताईचा त्रास. इतका व्होल्टेज ऐकून वीजच बुडबुडा फोडत असेल असं वाटतं. पण प्रवाह अगदी नगण्य असतो. खरा धोका असतो तो द्रावकाचा. क्लोरोफॉर्मसारखे द्रावक फॉस्फोलिपिडची भिंत विरघळवून टाकतात. ओढ आणि अचानक कोरडं होणं यांचाही ताण असतोच.

द्रावकाचे अंश. धाग्यात असा द्रावक थोडाही उरला तर तो शरीरात जाणार. त्यामुळे तो मोजणं आणि काढणं आवश्यक.

निर्जंतुकीकरण. वाफेच्या उष्णतेने बुडबुडे जातील, गॅमा किरणांनी स्निग्ध पदार्थ खराब होतात. त्यामुळे सुरुवातीपासून निर्जंतुक वातावरणातच सगळं करावं लागतं, आणि ते महाग पडतं.

पावसाळा. पीव्हीपीसारखं पॉलिमर हवेतला ओलावा ओढून घेतं. कुरडईचा डबा आषाढात उघडा राहिला तर जे होतं, तेच इथे.

उन्हाळा. धाग्यासाठी खूप वापरलं जाणारं पीसीएल हे पॉलिमर ६० अंशांच्या आसपास वितळतं. वऱ्हाडात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या जवळपास सहज पोहोचतो. म्हणजे धाग्यात ठेवलं की कसंही ठेवलं तरी चालेल, असं समजू नये.

वेग. प्रयोगशाळेतल्या एका सुईतून तासाभरात साधारणपणे ग्रॅमभरही धागा निघत नाही. अनेक सुयांची आणि बिनसुईची यंत्रं आता आहेत, पण नाजूक लिपोसोमसाठी दोन सुयांची पद्धत मोठ्या प्रमाणावर नेणं अवघड आहे.

काळ्या बुरशीचं इंजेक्शन यामुळे बदलेल का?

लगेच नाही. ते औषध शिरेतून, मोठ्या मात्रेत, रक्तात जातं. धाग्यातून तयार झालेले बुडबुडे एकसारख्या आकाराचे, निर्जंतुक आणि धाग्याच्या तुकड्यांपासून पूर्ण मोकळे आहेत, हे प्रत्येक वेळी सिद्ध करावं लागेल. जखमेवरच्या पट्टीसाठी ही अट इतकी कडक नसते. त्यामुळे धाग्याचं तंत्र आधी पट्टीत येण्याची शक्यता जास्त.

पण २०२१ चा धडा या संशोधनाला लागू पडतो. तेव्हा टंचाई फक्त कारखान्यांची नव्हती. कुपी तयार झाल्यावरही तिला थंड ठेवून रुग्णापर्यंत न्यायचं होतं. बिहारमध्ये काळा आजाराच्या उपचारात लिपोसोमल अॅम्फोटेरिसिनचा एकच डोस पुरतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तरीही प्राथमिक आरोग्य केंद्रात तो द्यायचा म्हणजे आधी तिथे चालणारा फ्रीज हवा. औषधाचा शोध लागणं आणि औषध रिद्धपूरसारख्या गावापर्यंत चांगल्या अवस्थेत पोहोचणं, ही दोन वेगळी कामं आहेत. टिकाऊपणावरचं संशोधन दुसऱ्या कामासाठी असतं. त्याची बातमी कमी होते, पण गावातल्या रुग्णाला तेच लागतं.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

लिपोसोमल व्हिटॅमिन-सीच्या जाहिराती दिसतात. ते हेच का?

नाव तेच, पण गोष्ट वेगळी. दवाखान्यातलं लिपोसोम औषध शिरेतून दिलं जातं आणि त्याच्या आकारापासून गळतीपर्यंत सगळं तपासलेलं असतं. गोळी किंवा पावडर गिळली की साध्या लेसिथिनचे बुडबुडे आतड्यातल्या पित्तामुळे बरेचसे फुटतात. पाकिटावर ‘लिपोसोमल’ लिहिलं म्हणजे आत शाबूत लिपोसोम आहेत, असं सिद्ध होत नाही. मधुमेह, कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं काही सुरू करू नका.

नॅनो म्हटलं की धोकादायक असतं का?

नॅनो हे फक्त माप आहे. दुधातही नॅनो आकाराचे प्रथिनांचे कण असतात. धोका आहे की नाही, हे पदार्थ कोणता, किती आणि शरीरात कुठे जातो यावर ठरतं.

इलेक्ट्रोस्पिनिंगच्या औषधी पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात का?

लिपोसोम असलेली अशी पट्टी आज रोजच्या उपचारात नाही. कोणी ऑनलाइन विकत असेल तर परवाना क्रमांक आणि उत्पादक पाहा, आणि डॉक्टरांना दाखवा.

घरच्या रुग्णासाठी लिपोसोमल इंजेक्शन दुसऱ्या शहरातून आणायचं असेल तर काय काळजी घ्यावी?

खोक्यावरचं तापमान आधी वाचा, कारण प्रत्येक कंपनीच्या औषधाचं ते वेगळं असू शकतं. २ ते ८ अंश लिहिलं असेल तर थर्माकोलच्या डब्यात जेल पॅकसोबत न्या, पण कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नका, कारण गोठूनही औषध बिघडतं. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका. पोहोचल्यावर वाटेत किती वेळ लागला आणि डबा थंड होता का, हे नर्सला न लपवता सांगा. तापलेली कुपी दिसायला अगदी तशीच असू शकते. ती वापरायची की नाही, हे डॉक्टर किंवा औषधनिर्मात्यालाच ठरवू द्या.